बडोद्यात बसून समुद्रातलं प्लास्टिक मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या आम्हा काही मराठी मंडळींचा एक लहानसा गट आहे. आम्ही शहरातल्या विश्वामित्री नदीतून वाहून जाणारं आणि समुद्रकिनाऱ्यावर येऊन पडलेलं प्लास्टिक मोजतो आणि त्या नोंदी अभ्यासकांपर्यंत पोहोचवतो. लग्नकार्यात, गणपतीच्या मांडवात, भाजीच्या रांगेत लोक आम्हाला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

बडोद्याला समुद्र कुठे आहे?

सयाजीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा तुम्ही लहानपणी पाहिला असेल. तो मासा दूरदेशाहून आणलेला नाही. महीच्या मुखाशी वाहून आलेल्या माशाचाच तो सांगाडा आहे. समुद्र आपल्या इतका जवळ आहे, फक्त शहरातून तो दिसत नाही.

दिसते ती विश्वामित्री. पावागडाच्या डोंगरातून निघते, वळणं घेत शहराच्या मधून जाते, पुढे ढाढर नदीला मिळते, आणि ढाढर खंभातच्या आखातात उतरते. रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या गटाराच्या तोंडाशी पडलेला मावाचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचा, कागद पहिल्या जोराच्या पावसात नाल्यात जातो, नाल्यातून नदीत. त्यापुढचा रस्ता त्याला कोणी दाखवावा लागत नाही.

समुद्रात जाणारं प्लास्टिक जगातल्या मोजक्या अजस्र नद्यांतूनच जातं, असं आधी मानलं जायचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने ते चित्र बदललं. नद्यांमधून समुद्रात पोहोचणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लास्टिक एक हजाराहून जास्त नद्या मिळून नेतात, आणि त्यांत दाट वस्तीतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा बराच मोठा आहे, असं त्यात दिसून आलं. म्हणून गावातली नदी मोजणं हे समुद्र मोजण्याचंच काम आहे, असं आम्ही धरून चालतो.

शास्त्रज्ञांकडे बोटी आहेत, उपग्रह आहेत. त्यांना आमच्यासारख्यांची काय गरज?

बोट एका दिवशी एका रेषेत जाते. पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढायच्या जाळ्याची वीण साधारण एक तृतीयांश मिलिमीटरची असते. ते जाळं जेवढं पाणी गाळतं, तेवढ्याचीच माहिती मिळते, आणि समुद्र तर दर सहा तासांनी बदलतो. उपग्रहाला मोठा तरंगता पुंजका दिसू शकतो, वाळूत रुतलेलं बाटलीचं झाकण दिसत नाही. किनारा मात्र सतत साक्ष देत असतो. प्रत्येक भरती काहीतरी आणून टाकते. ती साक्ष टिपायला महिनोन्‌महिने, त्याच जागी, त्याच पद्धतीने कोणीतरी जावं लागतं. तेवढी माणसं कुठल्याच प्रयोगशाळेकडे नसतात.

शिवाय किनारा किती लांब आहे बघा. गुजरातचा किनारा आपण शाळेत सुमारे १,६०० किलोमीटर शिकलो. आता बारकाईने नव्याने मोजल्यावर तो २,३०० किलोमीटरहून जास्त भरला. जमीन वाढलेली नाही, खाड्या आणि खाचाखोचा नीट मोजल्या गेल्या. मला हे उदाहरण फार आवडतं. जितकं जवळून मोजाल तितकं जास्त सापडतं, हे प्लास्टिकच्या बाबतीतही अगदी खरं आहे.

चिलीमध्ये हे काम शाळकरी मुलांनी करून दाखवलं. ३९ शाळांतल्या जवळपास हजार मुलांनी आपापल्या किनाऱ्यावरची वाळू चाळून प्लास्टिकचे बारीक तुकडे मोजले, आणि त्यावरचा शोधनिबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर सरासरी दर चौरस मीटरला २७ तुकडे निघाले. महासागरात एकट्या पडलेल्या ईस्टर बेटावर मात्र ८०० हून जास्त. आसपास ना मोठं शहर ना कारखाने, आणि तिथे आकडा इतका! प्रवाह प्लास्टिक कुठून कुठे नेतात, ते या मुलांच्या चाळणीतून दिसलं.

म्हणजे तुम्ही किनारा साफ करता का?

साफसफाईही करतो, पण मोजणी ही वेगळी गोष्ट आहे आणि दोन्हींची सरमिसळ केली तर दोन्ही बिघडतात.

साफसफाईत माणूस साहजिकच जिथे ढीग दिसतो तिकडे धावतो. मोजणीत जागा आधी ठरलेली असते, मग तिथे ढीग असो वा नसो. साफसफाईत मोठी पोती भरली की समाधान वाटतं. मोजणीत विडीचं थोटूक आणि पाण्याचा मोठा कॅन, दोघांनाही एकेकच रेघ मिळते.

मोजणीचेही दोन प्रकार आहेत. एकात त्या घटकेला किनाऱ्यावर काय पडलंय ते मोजायचं आणि काहीही हलवायचं नाही. दुसऱ्यात सगळं मोजून उचलायचं आणि ठरलेल्या दिवसांनी पुन्हा यायचं, म्हणजे मधल्या काळात समुद्राने नवं किती आणून टाकलं ते कळतं. पहिल्या प्रकारात समोर पडलेली पिशवी तशीच सोडून पुढे जायचं असतं, आणि नव्या माणसाला ते फार जड जातं. आमच्यातल्या एका काकूंचा हात पहिल्या दिवशी तीनदा खाली गेला. मोजणी संपल्यावर, कागद पिशवीत ठेवल्यावर, आम्ही सगळे मिळून ती पट्टी झाडून काढतो. मग दुसऱ्या फेरीत त्या पट्टीची नोंद ‘उचललेली’ अशी होते.

नदीवरची मोजणी कशी होते?

पुलावर उभं राहून. पाण्याचा एक ठरावीक रुंदीचा पट्टा नजरेत धरायचा, उदाहरणार्थ पुलाच्या कठड्यावरच्या दोन खांबांमधला, आणि ठरलेला वेळ, आम्ही अर्धा तास धरतो, त्या पट्ट्यातून खालून जाणारी प्रत्येक वस्तू टिपायची. अडीच सेंटिमीटरहून लहान वस्तू पुलावरून खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून ती सोडायची. एक जण बघतो आणि मोठ्याने सांगतो, दुसरा लिहितो. बघणाऱ्याने लिहायचं नाही, कारण मान खाली गेली की चार वस्तू निसटतात. युरोपातल्या नद्यांवर याच रीतीने स्वयंसेवक आणि संशोधकांनी मिळून मोजण्या केल्या आहेत. पद्धत साधी आहे म्हणूनच ती इतक्या ठिकाणी सारखी राहते.

सयाजीबागेजवळचा काळा घोड्याचा पूल आमच्या सोयीचा आहे. उन्हाळ्यात पाणी जवळजवळ थांबलेलं असतं आणि जलपर्णीत सगळं अडकतं. तेव्हा मोजायला काहीच वाहत नाही. तेही लिहायचं.

खाली काठावर उतरून जवळून बघितलं तर?

नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि ती त्यांची जागा आहे. थंडीत त्या काठावर ऊन खात पडतात, चिखलाच्या रंगात मिसळून जातात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीत आल्या होत्या, ते शहर विसरलेलं नाही. आमच्या गटात कोणीही, कितीही हौस असली तरी, काठावर उतरत नाही. फोटोसाठीही नाही.

किनाऱ्यावर कुठे जाता? कांबोई तर जवळ आहे.

कांबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं, हे बघायला बडोद्याहून लोक आवर्जून जातात. पण तेच देऊळ सांगतं की तिथे मोजणी का करू नये. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास जातो, देशात सगळ्यात जास्त फरक असलेल्या जागांपैकी ही एक. पाणी झपाट्याने येतं आणि ओहोटीनंतर उरतो तो चिखल, ज्यात पाय रुततो. तिथला अभ्यास स्थानिक माणसं बरोबर घेऊन, होडी आणि दोर असलेल्या संशोधकांनीच करायचा.

आम्ही वर्षातून काही वेळा पहाटेच्या गाडीने नवसारीला उतरतो आणि तिथून दांडीला जातो. दांडीचा किनारा वाळूचा आणि सपाट आहे, चालायला सोपा. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी चिमूटभर मीठ उचललं तो हाच किनारा. तिथे वाकून वाळूतून काही उचलताना मनात ते येतंच, निदान माझ्या तरी.

दिवस निवडताना आधी भरतीचं वेळापत्रक बघतो. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून भरती-ओहोटीचे अंदाज मिळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरतीची रेघ खूप वर जाते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगात, म्हणजे लहान भरतीत, ती खाली राहते. म्हणून एकदा उधाणात आणि एकदा भांगात मोजलेल्या आकड्यांची तुलना करायची नाही. पंचांगाचा हा उपयोग माझ्या आजेसासऱ्यांना नक्की आवडला असता.

किनाऱ्यावर नेमकं काय मोजायचं?

किनाऱ्यालगत शंभर मीटर लांबीची एक पट्टी. सुरुवात आणि शेवट पक्क्या खुणांवर, म्हणजे एखादा विजेचा खांब, पायऱ्या, भिंतीचा कोपरा, शिवाय फोनमध्ये त्या जागेची नोंद. रुंदी पाण्याच्या कडेपासून मागच्या झुडपांपर्यंत किंवा भिंतीपर्यंत. चार-पाच जण खांद्याला खांदा नाही, पण हाताच्या अंतरावर उभे राहतात आणि हळूहळू पुढे सरकतात. अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी प्रत्येक मानवनिर्मित वस्तू मोजायची. प्रत्येकाच्या पेन्सिलीवर अडीच सेंटिमीटरवर एक खूण केलेली असते, शंका आली की वस्तू तिथे लावून बघायची. ही मर्यादा ‘अंदाजे’ पाळली तर आकडा कुठल्या कुठे जातो, कारण लहान तुकडे मोठ्यांपेक्षा नेहमीच जास्त असतात.

मग वाळूतला बारीक भाग. ज्या रेघेवर भरतीने काड्या आणि शिंपले आणून टाकलेले असतात, तिथे अर्धा मीटर लांब-रुंद चौकट ठेवायची आणि वरची पाच सेंटिमीटर वाळू स्टीलच्या डावाने काढून चाळायची. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला तो २००४ साली, ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉमसन यांच्या निबंधानंतर. आम्ही एक ते पाच मिलिमीटरच्या मधलेच तुकडे वेचतो. त्याहून बारीक काम डोळ्यांचं नाही, सूक्ष्मदर्शकाचं आहे, आणि तिथे आमच्यासारख्यांनी आकडा सांगू नये असं मला ठामपणे वाटतं.

परदेशी यादीत आपल्या वस्तू कुठे बसवायच्या?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजते, कारण त्याने खरंच काम केलेलं असतं. आंतरराष्ट्रीय नमुन्याच्या यादीत स्ट्रॉ असते, सिगारेटचं थोटूक असतं, फुग्याची दोरी असते. आपल्याकडे सापडतात झबला पिशव्या (भाजीवाल्याच्या पातळ कॅरीबॅग), पाण्याचे पाऊच, मावाचे कागद, गुटख्यासारख्या पुड्यांच्या माळा, शाम्पूचे सॅशे, देवाला वाहिलेल्या हारांतली प्लास्टिकची फुलं, आणि उत्तरायणानंतर नायलॉनचा मांजा. हे सगळं ‘इतर प्लास्टिक’ या एका रकान्यात टाकलं तर आपल्या भागाची गोष्टच पुसली जाते.

म्हणून आमच्या तक्त्यात मोठे रकाने आंतरराष्ट्रीय यादीप्रमाणेच आहेत, आणि त्यांच्या पोटात आपले. झबला ‘पिशव्या’त, पण वेगळ्या ओळीत. पाऊच ‘खाद्यपेयांची वेष्टनं’ यात, पण वेगळ्या ओळीत. बाहेरच्या अभ्यासकाला मोठ्या रकान्याची बेरीज मिळते आणि आपल्याला ओळीओळीची. तक्ता मराठी आणि गुजराती दोन्ही लिपींत आहे. दांडीची मुलं मदतीला येतात तेव्हा गुजराती तक्ता त्यांच्या हातात असतो, आणि खरं तर तीच सगळ्यात पटकन ओळखतात की हा दोर कुठल्या जाळ्याचा.

थर्माकोलने मात्र आम्हाला बराच काळ छळलं. एका फेरीत आमच्या दोन जोड्यांनी एकच पट्टी मोजली आणि थर्माकोलचे आकडे एकमेकांच्या जवळपासही आले नाहीत. एका जोडीने चुरा झालेला ठोकळा एक धरला, दुसरीने प्रत्येक तुकडा. दोघांचंही चूक नव्हतं, नियमच लिहिलेला नव्हता. आता लिहिला आहे: अडीच सेंटिमीटरहून मोठा प्रत्येक सुटा तुकडा वेगळा धरायचा, सुटे मणी मोजायचे नाहीत, फक्त ‘मणी आहेत’ एवढी नोंद करायची. त्या फेरीचे थर्माकोलचे आकडे आम्ही पुढे पाठवले नाहीत.

‘दाणा’ म्हणजे काय? तुम्ही सारखं दाणा-दाणा म्हणता.

प्लास्टिकच्या वस्तू बनवण्याचा कच्चा माल. साबुदाण्याएवढे, दोन ते पाच मिलिमीटरचे, पांढरट गोल किंवा चपटे दाणे. कारखान्यात ते वितळवून त्यांच्या बादल्या, पिशव्या, पाइप होतात. बडोद्याच्या व्यापारात सगळे त्याला दाणाच म्हणतात, इंग्रजीत नर्डल.

माझे वडील पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात होते. त्यांच्या खिशातून, बुटातून दाणे घरी यायचे आणि आम्ही बहिणी भातुकलीत त्याचा भात शिजवायचो. दांडीच्या वाळूत पहिल्यांदा दाणा सापडला तेव्हा मी तो क्षणात ओळखला. हातात घेऊन किती वेळ बसले होते. ज्या वस्तूने आमचं घर चाललं, तीच इथे समुद्राच्या रेघेवर पडली होती. वडिलांच्या कामाची मला आजही लाज नाही. पण दाणा सांडू न देणं हे दाणा बनवण्याइतकंच कामाचं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दाणे जहाजांतूनही सांडतात. २०२१ साली कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज जळालं तेव्हा सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात गेले आणि श्रीलंकेचे किनारे पांढरे झाले. २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे जहाज केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर बुडालं, आणि त्यानंतर केरळच्या वाळूतही दाणे येऊ लागले. अशा वेळी अपघाताच्या आधी तिथे किती दाणे होते, याची नोंद कोणाकडे असेल तर तिला फार मोल येतं. अपघातानंतर ती नोंद कितीही पैसे टाकून मिळत नाही.

दाण्यांचा आणखी एक उपयोग आहे. पाण्यातली तेलकट विषारी रसायनं, डीडीटीसारखी कीटकनाशकं, दाण्यावर चिकटून साठतात. टोक्योच्या कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठातले हिदेशिगे ताकादा यांनी २००५ मध्ये जगभरच्या लोकांना आवाहन केलं की तुमच्या किनाऱ्यावरचे दाणे पाकिटात घालून आम्हाला पाठवा. त्या पाकिटांवरून त्यांनी समुद्रातल्या रसायनांचे नकाशे तयार केले. पिवळे पडलेले दाणे त्यांना जास्त हवे असतात, कारण ते जास्त काळ पाण्यात राहिलेले असतात आणि त्यांच्यावर रसायनं जास्त साठलेली असतात. म्हणून आम्ही दाणे मोजताना पांढरे आणि पिवळे वेगळे ठेवतो.

हा तुकडा प्लास्टिकचाच आहे, हे कसं कळतं? शिंपल्याचा असेल तर?

बोटांनी दाबायचं. शिंपला कडक असतो आणि तुटतो, काडीला धागे असतात, मेण नखाने खरवडलं जातं. रंग फार एकसारखा, निसर्गात न दिसणारा निळा किंवा लाल असेल तर बहुधा प्लास्टिक. तरी शंका राहिली तर तापवलेल्या सुईचं टोक लावून बघतात, प्लास्टिक मऊ पडतं किंवा सुईला चिकटतं. हे फक्त मोठ्यांनी, उघड्या हवेत करायचं.

पण ‘बहुधा’ म्हणजे खात्री नव्हे. कुठलं प्लास्टिक, हे प्रयोगशाळेतल्या अवरक्त किरणांच्या यंत्राने किंवा रामन वर्णपटाने कळतं. सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधावर उभी असलेली ती पद्धत आज वाळूतल्या तुकड्यांची जात सांगते. आमच्या तक्त्यात म्हणून ‘संशयित’ असा एक रकाना आहे आणि तो भरायला कोणी लाजू नये.

कपड्यांचा नियम कशासाठी?

चाळणीच्या कामाला येताना सुती कपडे घाला. सिंथेटिक साडी, टी-शर्ट, पॉलिस्टरची ओढणी यांतून सतत बारीक धागे सुटतात आणि नमुन्यात पडतात. मग समुद्रातला धागा कुठला आणि तुमच्या ओढणीचा कुठला? नमुना काचेच्या बरणीत ठेवायचा, प्लास्टिकच्या डब्यात नाही. काम चालू असताना शेजारी एक उघडी ओली बशी ठेवतो. तिच्यात जे धागे पडतील ते हवेतून आणि आमच्याकडूनच आले, असं धरून तेवढे वेगळे मांडतो.

काहीच सापडलं नाही तर?

शून्य लिहा, तारीख आणि वेळ घालून. रिकामा रकाना आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘बघितलं नाही’ असाही होतो. एका वर्षी आमच्याकडचे दोन महिन्यांचे मांजाचे रकाने रिकामे राहिले, आणि आता मांजा नव्हता की बघायचं राहिलं हे सांगणारं कोणीच नाही. ती माहिती कायमची गेली.

मला विज्ञान येत नाही, आणि वय अडुसष्ट आहे. माझा काय उपयोग?

मोजणीला धीर लागतो, आणि तो तुमच्याकडे आमच्या तरुण मुलांपेक्षा जास्त असेल. मोठ्या वस्तू मोजताना शिकवलेले स्वयंसेवक आणि संशोधक यांच्या आकड्यांत फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो बारीक तुकड्यांत. उभं राहवत नसेल तर लिहिण्याचं काम घ्या. गुडघे दुखत असतील तर घरी बसून तक्ते संगणकात भरा. दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी तोच तक्ता भरायचा आणि मग जुळवायचा, असा आमचा नियम आहे. त्यासाठी माणसं नेहमीच कमी पडतात.

सरकार हे करत नाही का?

करतं. चेन्नईचं राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्र किनाऱ्यांवरच्या कचऱ्याचा अभ्यास करतं. २०२२ मध्ये ‘स्वच्छ सागर, सुरक्षित सागर’ या मोहिमेत ७५ दिवस ७५ किनाऱ्यांवर काम झालं. आपलं काम त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. मोहीम संपल्यानंतरच्या साध्या मंगळवारी त्या किनाऱ्यावर काय होतं, ते आपण टिपू शकतो.

नोंदी जातात कुठे?

मोठ्या वस्तूंच्या नोंदी आम्ही मरीन डेब्री ट्रॅकरसारख्या खुल्या ॲपवर भरतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात तयार झालेलं हे ॲप आहे आणि त्यावरची माहिती कोणीही बघू शकतं. साफसफाईच्या दिवशी ओशन कॉन्झर्व्हन्सी या अमेरिकन संस्थेच्या तक्त्यावर नोंद होते. त्यांच्या किनारा-सफाईची सुरुवात १९८६ साली टेक्ससमध्ये लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी केली, आणि पहिल्याच वर्षापासून त्यांनी लोकांना नुसतं उचलायला नाही, काय उचललं ते लिहायला सांगितलं. वाळूचे नमुने मात्र ज्या संशोधकांशी आधी बोलणं झालंय त्यांनाच देतो. न विचारता कोणाच्या दारात बरण्या नेऊन ठेवू नका.

कागदी तक्ते आम्ही टाकत नाही. एकदा दांडीच्या वाऱ्याने एक पूर्ण तक्ता उडवला आणि तो समुद्रात गेला. तेव्हापासून प्रत्येक पान भरलं की लगेच फोटो.

याने आजवर काही बदललं आहे का? खरं सांगा.

हो, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. अमेरिकेत काही गावांनी प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली किंवा त्यांना शुल्क लावलं, काहींनी नाही. त्याचा किनाऱ्यावर परिणाम झाला का, हे दोन अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी, ॲना पॅप आणि किंबर्ली ओरेमस यांनी, शोधलं. २०२५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ते छापून आलं. त्यांनी नवी मोजणी केलीच नाही. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं केलेल्या ४५ हजारांहून जास्त किनारा-सफाईंच्या नोंदी त्यांनी घेतल्या. निष्कर्ष असा की जिथे असे नियम आले, तिथे सापडलेल्या कचऱ्यात पिशव्यांचा वाटा नियम नसलेल्या ठिकाणांच्या तुलनेत २५ ते ४७ टक्क्यांनी कमी होता. कोणीतरी शनिवारी सकाळी वाकून उचललेली पिशवी कागदावर लिहिली होती, म्हणून हे सिद्ध करता आलं.

आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांनाही मनाई. त्याने आपल्या नद्यांत काय फरक पडला, हे विचारायचं झालं तर आधीचे आणि नंतरचे आकडे लागतील. मार्च २०२२ मध्ये नैरोबीला देशांनी प्लास्टिकविषयी जागतिक करार करायचं ठरवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या करारासाठीची जिनिव्हाची बैठकही सहमतीविना संपली. तो करार होईल तेव्हा कुठून कुठवर आलो हे सांगायला आजचा आकडा हवा, आणि आजचा आकडा फक्त आजच घेता येतो.

घरी मुलांना काय दाखवता येईल?

पाण्याची बाटली घ्या. झाकण काढा, बाटलीचा कात्रीने एक तुकडा कापा. दोन्ही पाण्याच्या पातेल्यात टाका, तुकड्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा. झाकण तरंगेल, बाटलीचा तुकडा बुडेल. झाकण पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचं असतं, पाण्याहून हलकं. बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची, तिची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड, त्यामुळे तिथेही बाटलीचा तुकडा बुडतोच. आता दुसऱ्या पातेल्यात विरघळेल तेवढं मीठ घाला आणि थर्माकोल नसलेल्या, कडक पॉलिस्टायरीनच्या कपाचा तुकडा टाका. नळाच्या पाण्यात बुडणारा तो तुकडा मिठाच्या पाण्यात वर येईल. प्रयोगशाळेत वाळूतून प्लास्टिक वेगळं काढतात ते याच युक्तीने.

मुलं मग स्वतःच विचारतात: पुलावरून आपण फक्त तरंगणारं मोजतो, मग बुडालेलं कुठे आहे? ते तळाच्या गाळात आहे, आणि पुलावरचा आपला आकडा पूर्ण आकडा कधीच नसतो. हे तक्त्याच्या वरच्या बाजूला आम्ही दर वेळी लिहितो.

मुलांना बरोबर आणता येईल का?

पुलावर दहा वर्षांवरची, प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस. किनाऱ्यावरही तेच. सुई, इंजेक्शन, काच, औषधाची बाटली दिसली तर मुलांनी हात लावायचा नाही, हाक मारायची. चिमट्याने उचलणारा एक जण ठरलेला असतो.

पैसे, प्रमाणपत्र?

पैसे नाहीत, कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये. गाडीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. ज्याला जड जातं त्याचं आम्ही न बोलता वाटून घेतो. विद्यार्थ्यांना हवं असेल तर किती फेऱ्या केल्या याचं पत्र मिळतं, पण एका फेरीवर नाही.

पावसाळ्यात काम थांबतं का?

पुलावरची मोजणी थांबत नाही, कारण वर्षातलं सगळ्यात जास्त प्लास्टिक पहिल्या काही जोराच्या पावसांतच वाहतं. पण पाण्याची पातळी धोक्याच्या जवळ असेल किंवा पूल बंद केला असेल तर कोणीही जायचं नाही. त्या दिवसाच्या रकान्यात ‘पूर, मोजणी नाही’ असं लिहायचं. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर जात नाही.

मला यायचं आहे. काय आणू?

पेन्सिल, पेन नको, ओल्या हाताने शाई पसरते. सुती टोपी. स्टीलच्या बाटलीत पाणी. स्वतःचा डबा, फरसाण आणलंत तर डब्यात, पाकिटात नको. जाड तळव्याचे बूट. चष्मा असेल तर दोरी लावून. पुलावरच्या मोजणीला सकाळी सव्वासहाला सयाजीबागेच्या दाराशी जमतो, साडेसहाला मोजणी सुरू होते आणि ती कोणासाठी थांबत नाही, कारण वेळ तक्त्यावर लिहिलेली असते. पहिल्या दिवशी तुम्ही लिहिणाऱ्याच्या शेजारी उभे राहाल. दुसऱ्या खेपेला लिहाल. तिसऱ्या खेपेला बघायचं काम तुमच्याकडे येईल.